आदिलाबादेतील एक मुक्काम

हैदराबादहून नागपूरला जाणाऱ्या मराठी माणसाने आदिलाबाद जिल्हा बहुधा झोपेत पाहिलेला असतो. रात्रीची बस निर्मळचा घाट चढू लागते तेव्हा प्रवासी पेंगत असतात, आणि जाग येते तेव्हा पैनगंगेचा पूल मागे पडून पांढरकवडा जवळ आलेला असतो. आपल्या समाजातील मंडळी काशी-रामेश्वर करतात, आषाढीला पंढरपूर गाठतात, अलीकडे मुलाबाळांच्या निमित्ताने सातासमुद्रापारही जाऊन येतात. पण ज्याला आपली वडीलधारी माणसे ‘एदलाबाद’ म्हणत, तो हाकेच्या अंतरावरचा मुलूख मुद्दाम पाहून आलेले कुटुंब क्वचितच भेटते. गेल्या आश्विनात, कोजागिरी उलटल्यावर, आम्हा उभयतांना तो योग आला. आमचे एक सहशिक्षक मित्र त्या बाजूचे. “धबधबे पाहून परत फिरायचे असेल तर येऊ नका, रात्र राहणार असाल तर या,” अशी त्यांची अट होती. ती अट किती शहाणपणाची होती, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आधी थोडा भूगोल. जुना आदिलाबाद जिल्हा हा तीन बाजूंनी नद्यांनी वेढलेला प्रदेश. उत्तरेस पैनगंगा आणि वर्धा, पूर्वेस प्राणहिता, दक्षिणेस गोदावरी. सोळा हजार चौरस किलोमीटरांहून मोठ्या या जिल्ह्याचे ११ ऑक्टोबर २०१६ रोजी विभाजन झाले, आणि आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल व कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे अस्तित्वात आले. त्याच्या साठ वर्षे आधी, १९५६ च्या भाषावार राज्यरचनेत, राजुरा आणि किनवट हे भाग याच जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले होते. सीमारेषा अशा सरकत राहिल्या, माणसे मात्र होती तेथेच राहिली. म्हणून या एका प्रदेशात तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी, कोलामी आणि बंजारा बोली आजही एकाच बाजारात ऐकू येतात, आणि भाजी विकणारी बाई गिऱ्हाईक पाहून भाषा बदलते.

आम्ही आदल्या सायंकाळी निर्मळला मुक्कामास पोहोचलो होतो. हलक्या पुनिकी लाकडाची फळे, पक्षी आणि बाहुल्या घडवून त्यांवर रंग चढविणारे येथील नकाशी कारागीर प्रसिद्ध आहेत. त्यांच्या दुकानांतून सौभाग्यवतींची सुटका करणे हे प्रवासातील पहिले अवघड काम ठरले. पहाटे भाड्याच्या मोटारीने निघालो. निर्मळ सोडताच घाट सुरू होतो. दोन्ही अंगांनी सागाचे रान. पावसाळा नुकताच संपलेला, त्यामुळे सागाची सुपासारखी पाने अजून हिरवीच होती आणि शेंड्यांवर फुलोऱ्याचे फिकट तुरे दिसत होते. घाटमाथा ओलांडला की रान मागे हटते आणि काळी जमीन पसरते. सोयाबीनची काढणी चालू होती; कपाशीची बोंडे उकलू लागली होती. वऱ्हाडात वाढलेल्या माणसाला येथे आपण माहेरी आलो असे वाटेल, मात्र रस्त्यावरच्या पाट्या तेलुगूत.

नदीचा क्रम धरून पाहायचे, म्हणून आम्ही आधी पोचेरा आणि मग कुंतला असा बेत केला होता. हे दोन्ही धबधबे कडम नदीचे. बोथच्या डोंगराळ भागात उगम पावणारी ही नदी फार लांबची नाही, गोदावरीची एक लेक एवढीच तिची ओळख. परंतु अल्प आयुष्यात जे करायचे ते तिने मन लावून केले आहे. पोचेऱ्याला ती वीसेक मीटर खाली उतरते. येथे पाण्याला घाई दिसत नाही. काळ्या खडकाच्या रुंद पायरीवर नदी पसरते, तिचे अनेक ओघ होतात आणि ते आपापल्या वाटेने डोहात पडतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात तुषारांमध्ये इंद्रधनुष्याचा एक तुकडा धरला होता. शाळेची एक सहल आली होती. शिक्षक मुलांना पाण्यापासून मागे ओढीत होते. ते दृश्य पाहून मी मनातल्या मनात त्या सहकाऱ्यांना नमस्कार केला. तीस वर्षे सहली नेलेल्या माणसाला धबधब्याच्या आवाजापेक्षा पोरांची मोजदाद अधिक ऐकू येते.

कुंतल्याची गोष्ट वेगळी. नेरडीगोंड्याहून बारा-तेरा किलोमीटर रानातून आत गेले की एका कड्यावर आपण येतो, आणि पाणी दिसण्यापूर्वी त्याचा घनगंभीर नाद पायांतून वर चढतो. शेकडो पायऱ्या उतरून खाली जावे लागते. सुमारे पंचेचाळीस मीटर उंचीवरून कडम येथे टप्प्याटप्प्याने कोसळते. तेलंगणातील सर्वांत उंच धबधबा म्हणून याची ख्याती आहे. खडकाच्या कपारीत सोमेश्वराचे स्थान असून महाशिवरात्रीला भाविकांची मोठी गर्दी होते. नावाविषयी दोन मते. एक म्हणजे दुष्यंत-शकुंतलेची भेट याच रानात झाली आणि शकुंतलेवरून कुंतला झाले. दुसरे अधिक साधे : गोंडीत आणि तेलुगूत ‘कुंटा’ म्हणजे तळे वा डोह; अनेक कुंटे एकत्र येऊन जेथून कोसळतात ते कुंतला. संस्कृतात कुंतल म्हणजे केस, आणि कड्यावरून सुटलेल्या पाण्याच्या बटा पाहता तीही व्युत्पत्ती कोणी सुचविली तर मी वाद घालणार नाही. परंतु भाषेच्या विद्यार्थ्याला डोहांचेच पारडे जड वाटते. कारण गावे आणि ओढे यांची नावे प्रथम तेथे पाणी भरणाऱ्यांनी ठेवलेली असतात, पुराणे मागाहून येतात.

हे डोह दिसायला शांत आहेत आणि तसे मुळीच नाहीत. येथे पोहायला उतरलेल्या अनेक तरुणांचे प्राण गेले आहेत. निसरडा खडक आणि पाण्याखालच्या कपारी वरून दिसत नाहीत. या नदीचे दुसरे रूप जुलै २०२२ मध्ये साऱ्या राज्याने पाहिले. खाली कडम धरणात इतका लोंढा आला की पाणी दरवाजांच्याही वरून वाहू लागले आणि धरण टिकते की नाही याची धास्ती निर्माण झाली. धरण टिकले. खडकावर बसून शिदोरी सोडताना आमचे मित्र ही हकीकत सांगत होते, आणि समोर तीच नदी पाय हलवीत बसलेल्या पोरीसारखी खळखळत होती.

दुपारी पुन्हा महामार्ग गाठला आणि इच्चोडा ओलांडून गुडीहतनूरला पूर्वेकडे वळलो. येथून पुढचा प्रदेश राजगोंडांचा. मुटनूरजवळ आत वळले की केसलापूर लागते. येथे मेसराम कुळाच्या नागोबाचे मंदिर आहे. पौष अमावास्येला येथे भरणारी जत्रा ही गोंड समाजाची मोठी पर्वणी. आम्ही गेलो ते दिवस जत्रेचे नव्हते. पटांगण रिकामे होते, वडाच्या सावलीत दोन बैल रवंथ करीत होते. तरीही या स्थानाची एक गोष्ट ऐकून मन भरून आले. जत्रेपूर्वी मेसराम कुळातील माणसे अनवाणी चालत गोदावरीवरील हस्तलमडुगू या ठिकाणी जातात, झारीत पाणी भरतात आणि ते तसेच पायी केसलापूरला आणतात. त्या गोदाजलाने नागोबाला अभिषेक होतो. कुळात नव्याने आलेल्या सुना पांढरी पातळे नेसून देवापुढे येतात, वडीलधाऱ्यांना भेटतात. या विधीला ‘भेटिंग’ म्हणतात. ती भेट झाल्याखेरीज सून पुरतेपणी कुळात आली असे मानीत नाहीत. सकाळी आम्ही पाहिलेली कडम आपले पाणी गोदावरीला नेऊन देते, आणि ही माणसे गोदावरीचे पाणी खांद्यावरून पुन्हा याच डोंगरांत आणतात. आजचे दगडी मंदिर मेसरामांनी आपसात वर्गणी काढून बांधले. २०२२ मध्ये ते पूर्ण झाले.

जत्रेत एक दरबारही भरतो. सरकारी अधिकारी येथे येऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकतात. ही प्रथा सुरू झाली त्यामागे रक्ताचा इतिहास आहे. जमीन आणि जंगल यांवरील हक्कासाठी निजामी अंमलाविरुद्ध उभा राहिलेला कोमरम भीम १९४० साली जोडेघाटला पोलिसांच्या गोळीने पडला. त्यानंतर निजाम सरकारने ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना या लोकांचा असंतोष समजून घेण्यासाठी पाठविले. हायमेनडॉर्फ पतिपत्नी मारलवाई या गावी झोपडीत राहिली. गाऱ्हाणी घेऊन लोकांनी कचेरीत जाण्याऐवजी कचेरीनेच लोकांकडे यावे, ही दरबाराची कल्पना त्यांचीच.

तरीही पुढच्या काळात जमिनी हातच्या जात राहिल्या. केसलापूरहून आम्ही इंद्रवेल्लीला आलो तेव्हा ऊन उतरले होते. गावाबाहेर एक स्मृतिस्तंभ उभा आहे. २० एप्रिल १९८१ रोजी, सोमवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी, जमिनीच्या प्रश्नावर सभेसाठी जमलेल्या आदिवासींवर येथे गोळीबार झाला. मृतांचा सरकारी आकडा तेरा. स्थानिक माणसे याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. आम्ही चपला काढून क्षणभर उभे राहिलो. सकाळपासून बडबड करणारा आमचा तेलुगू सारथीही गप्प होता.

मुक्कामाचे गाव तेथून फार दूर नव्हते. यजमान परधान समाजातील, निवृत्त प्राथमिक शिक्षक, सत्तरीच्या घरातले. परधान हे गोंडांचे परंपरागत भाट. गोंड कुळांच्या उत्पत्तीच्या आणि देवांच्या कथा ते किक्री या गजाने वाजवायच्या तंतुवाद्यावर गाऊन सांगतात, आणि त्या गोंडी भाषेत. परंतु वाचकहो, येथे आश्चर्य असे की आदिलाबादच्या परधानांच्या घरात बोलतात ती मराठी. अंगणात पाऊल टाकताच यजमानांच्या वृद्ध मातोश्री उठून म्हणाल्या, “राम राम जी. कुठून आले? दमले असान, बसा.” आमच्या सौभाग्यवती ओसरीवर बसल्या त्या तासभर उठल्याच नाहीत. दोघींची मराठी निराळी होती, एकीची हैदराबादी दख्खनी वळणाची, दुसरीची वऱ्हाडी; पण लेकीसुनांच्या गोष्टींना त्याची अडचण पडली नाही.

आम्ही एखाद्या उपाहारगृहात रात्र काढून पहाटे निघावे, असा संकोच मी बोलून दाखविला तेव्हा आजीबाई म्हणाल्या, “एवढ्या राती कुठं जाता जी? भाकर खा, निजा, सकाळी जाजा.” ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, आंबाडीची भाजी, ठेचा आणि शेवटी मोहाच्या फुलांचा लाडू. जेवणे चालू असतानाच दुरून ढोलांचा आवाज आला. दंडारीचे दिवस होते ते. दिवाळीच्या सुमारास एका गावाची नाचणारी मंडळी दुसऱ्या गावी पाहुणी म्हणून जातात. मोरपिसांचे भव्य टोप घातलेले, अंगाला राख फासलेले गुसाडी त्यांच्या अग्रभागी असतात. यजमान गाव त्यांचे पाय धुते, जेवू घालते, रात्रभर नाच होतो, आणि पुढे यजमानांचीही पाहुणे होण्याची पाळी येते. मारलवाईचे गुसाडी कनकराजू यांना या कलेसाठी २०२१ चा पद्मश्री पुरस्कार मिळाला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते निवर्तले. त्या रात्री शेजारच्या गावाची मंडळी आली होती. कंदिलाच्या जागी आता विजेचे दिवे आहेत, पण मोरपिसे डोलू लागली की दिव्यांकडे कोण पाहतो! आम्हाला कोणी काही विचारले नाही. पाहुण्यांची रात्र होती, त्यात आणखी दोन पाहुणे.

नाच रंगात असताना यजमान मला आत घेऊन गेले आणि एका पेटीतून त्यांनी जुनी वही काढली. त्यांच्या वडिलांची. चाळिसच्या दशकात हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मारलवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. गोंडीतून शिकविण्यासाठी जी वाचनपाठांची पुस्तके तयार झाली ती देवनागरीत छापलेली होती, कारण येथे ज्या मोजक्या लोकांना अक्षरओळख होती ती मराठीमुळे. त्या काळी अक्षरे गिरविलेल्या वडिलांनी पुढे आपल्या गाण्यातील कथा वहीत उतरविल्या. भाषा गोंडी, अक्षरे आपली बालबोध. यजमानांनी नातवाला हाक मारली. मुलगा आठवीतला, शिक्षण तेलुगूत आणि इंग्रजीत. हिंदीच्या तासाला शिकलेल्या अक्षरांच्या आधाराने तो एकेक शब्द लावून वाचू लागला. शब्द अडला की आजोबा वहीकडे न पाहता पुढची ओळ म्हणत, आणि पोरगा मान हलवून ती पुन्हा म्हणे.

“सर,” यजमान मला म्हणाले, “तीस वर्षं मी तेलुगू शिकवली. घरात मराठी, देवापुढं गोंडी, शाळेत तेलुगू. माझं चाललं. आता हे कोणत्या लिपीत लिहून ठेवू, तुम्हीच सांगा.”

प्रश्न साधा नव्हता. याच जिल्ह्यातील गुंजाला या गावी गोंडीच्या स्वतंत्र लिपीतील जुनी हस्तलिखिते आढळली आहेत, आणि २०१८ मध्ये त्या लिपीला संगणकाच्या जागतिक लिपिसंचात स्थान मिळाले. ती लिपी शिकावी हे अभिमानाचे. वडिलांची देवनागरी ठेवावी हे मायेचे. नातवाला सर्वांत सहज वाचता येते ती तेलुगू. माझा जन्म मराठीचे अध्यापन करण्यात गेला. देवनागरीत लिहिलेला कागद पुढे चालावा असे मला मनापासून वाटत होते. आदिलाबाद, बेला, जैनथ या भागातील सरकारी मराठी शाळांचे पट ओसरत असल्याच्या वार्ता ऐकून ते अधिकच वाटत होते. तरीही मी त्यांना सांगितले, “आधी याच्याकडून पाठ करून घ्या. मग त्याला ज्या लिपीत भरभर लिहिता येते त्या लिपीत त्यालाच लिहू द्या. वडिलांची वही जपून ठेवा. त्याला गोडी लागली की तो आपण होऊन तिच्याकडे येईल, गुंजालाच्या लिपीकडेही जाईल.” यजमान काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी वही नातवाच्या हाती दिली आणि बाहेर ढोलांकडे जायला निघाले. माझे म्हणणे त्यांना पटले की पाहुण्याचा मान राखला, हे मी विचारले नाही.

त्या रात्री झोप येईना तेव्हा मला सेतुमाधवराव पगडींची आठवण झाली. शिवकालाचे इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण हैदराबाद संस्थानाच्या सेवेत असताना ते याच जिल्ह्यात गोंडांमध्ये वावरले, त्यांची भाषा शिकले, गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली, आणि आदिलाबादच्या गोंडांवर स्वतंत्र ग्रंथही लिहिला. येथील गोंड, कोलाम, परधान पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले, बाजारात आपल्या माणसाशी आपल्या भाषेत व्यवहार करीत आले. त्या सौजन्याची परतफेड करणारा एक मराठी अधिकारी निघाला, ही आपल्या समाजाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. किती जण सांगतात?

आपण महाराष्ट्राबाहेरचे मराठी. नातवंडे इंग्रजी अक्षरांत मराठी निरोप लिहितात म्हणून आपण हळहळतो, मंडळात ठराव करतो, बालबोधीचे वर्ग काढतो. वर्ग जरूर काढावेत. परंतु परधानांच्या त्या घरात मराठी टिकली ती कोणत्याही शाळेच्या बळावर नव्हे. आजी अंगणात बोलत राहिली आणि पोरे ऐकत राहिली, म्हणून टिकली. आणि दुसऱ्या दोन भाषा शिकताना तिची कोणाला लाज वाटली नाही. आपल्या दिवाणखान्यात पाहुणे येतात तेव्हा आपण घरातल्या मुलांशी कोणत्या भाषेत बोलतो, एवढे ज्याने त्याने आठवून पाहावे.

सकाळी निघताना आजीबाईंनी सौभाग्यवतींची ओटी भरली. ज्वारीचे दाणे, हळदकुंकू आणि वाटेत खायला मोहाचे चार लाडू. यजमानांचा नातू शाळेच्या गणवेशात मोटारीपर्यंत पोचवायला आला. मारलवाईत हायमेनडॉर्फ पतिपत्नींच्या समाध्या आहेत. त्या पाहून आम्ही दुपारी परतीच्या वाटेला लागलो.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन शब्द. धबधबे पाहायचे तर श्रावणापासून कार्तिकापर्यंत जावे. उन्हाळ्यात खडकच दिसेल. कुंतल्याच्या डोहात कोणीही उतरू नये, मुलांना हात सोडू देऊ नये. दंडारी पाहायची तर दिवाळीच्या आधीचा पंधरवडा गाठावा. गुसाडी हा देवाचा वेष आहे, त्याचे छायाचित्र विचारून घ्यावे. नागोबाची जत्रा पौष अमावास्येला. आणि शक्य असल्यास, ओळखीपाळखीने का होईना, एक रात्र तेथील कोणा घरी राहावे. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, आणि ‘राम राम’ म्हणायला विसरू नये. तेथे तो शब्द सर्वांना कळतो.